शंभरातले एकोणनव्वद

दुर्गाबाई लघाट्यांचं तोंड उघडं राहिलं ते प्रकाशाच्या परावर्तनाच्या धड्यात. शनिवारची ऑनलाइन शिकवणी चालली होती, पडद्यावर नववीतली सव्वीस पोरं बसली होती, आणि बाई हिंदीत "आपतन कोण" म्हणायला गेल्या तोच चित्र गोठलं. एक बोट वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंड असं की आत अख्खा पेढा टाकावा. चाळीस सेकंद बाई तशाच राहिल्या. पोरांना एवढा वेळ पुरे असतो. संध्याकाळपर्यंत त्या तोंडाचं स्टिकर झालं आणि फिरत फिरत झाशीच्या सीपरी बाजारातल्या बाईंच्याच कॉलनीच्या ग्रुपवर येऊन पडलं. कुणीतरी त्याखाली 'गुड मॉर्निंग' लिहिलं होतं.

"तोंड मिटून शिकवत जा," जनार्दनराव म्हणाले. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दिवसातून दोनदा बोलायचा आणि दोन्ही वेळा नको ते बोलायचा.

बाईंना हसू आलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी झाशीच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, विज्ञान शिकवलं होतं. उत्तर बरोबर आलं पण पुढं एकक लिहिलं नाही, की अर्धा गुण कापायचा, हा त्यांचा नियम. 'पाँच क्या? पाँच बकरियाँ?' असं त्या वहीत लाल शाईनं लिहीत. आज पन्नाशीला टेकलेले डॉक्टर-वकीलसुद्धा रस्त्यात भेटले की त्या बकऱ्यांची आठवण काढायचे. अशा बाईचं स्टिकर व्हावं हे त्यांच्या मनाला फार लागलं. दोष कुणाचा तरी असणारच होता, आणि तो आपला नाही एवढं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

दोषाची पाटी समोरच्याच खांबावर लटकत होती: '१०० एमबीपीएस तक'. कॉलनीतल्या बेचाळीस घरांनी सदर बाजारातल्या एका कंपनीचं वायफाय घेतलं होतं. जोडणी, दुरुस्ती, बिघाड, सगळं एकच माणूस बघायचा. जयसिंग पवार त्याचं नाव. पस्तिशीचा, किडकिडीत, खांद्यावर कायम तारेचं भेंडोळं. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. कॉलेजच्या हजेरीपटावर तो 'जयसिंह' होता, आणि पवार म्हणजे इकडचेच कुणी ठाकूर असणार, असं बाई धरून चालल्या होत्या. हायस्कूलला त्यांच्या विषयात तो कसाबसा पास झाला होता, आणि अजूनही बाई समोर आल्या की हात पाठीमागं बांधून उभा राहायचा.

बाईंनी बोलावल्यावर तो तासाभरात आला. चपला बाहेर काढल्या, वायफायच्या डब्यातली तार उपसून आपल्या जुनाट लॅपटॉपला लावली आणि मोजलं.

"मैडम, तार पे चौरानवे आ रहा है. हमारी तरफ़ से पूरा है."

"और ये?" बाईंनी आपल्या संगणकाकडं बोट केलं. तिथं त्यांनी एक भलीमोठी फाइल उतरवायला लावून ठेवली होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा हलत होता. अकरा. "सौ का वादा किया था. ग्यारह दे रहे हो."

जयसिंग त्या अकराकडं नुसता बघत राहिला. कंपनीनं त्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. त्यात खांबावर चढायला आणि तार जोडायला शिकवलं होतं, आकड्यांचं कुणी काही सांगितलं नव्हतं. जेवढं कामातून कळलं होतं तेवढं त्यानं सांगितलं. तारेतून येतं ते सगळंच्या सगळं हवेत टिकत नाही. डबा तुम्ही लोखंडी शोकेसमध्ये ठेवलाय, टीव्हीच्या मागं, वर काचेचं दार. शिकवणी घेता मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि फ्रिज. त्यात आजूबाजूच्या घरांतले पंधरा-सोळा डबे ह्याच हवेत बोलतात, आणि सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच धड ऐकू येत नाही. शिवाय पाटीवर शंभर 'तक' लिहिलंय.

"'तक' का मतलब तुम मुझे मत सिखाओ."

"नहीं मैडम. बस डब्बा बाहर निकाल के ज़रा ऊँचे पे रख दें, तो पीछे वाले कमरे में..."

"बाहर धूल लगती है. शोकेस में ही रहेगा."

आणि मग बाई जनार्दनरावांकडं वळून मराठीत बोलल्या.

झाशीत लघाट्यांच्या सात पिढ्या झाल्या. दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी. पण मराठीचा खरा उपयोग दारातच व्हायचा. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर जे मनात असेल ते खुशाल मोठ्यानं बोलावं आणि चेहरा हसरा ठेवावा, ही त्या घरातली जुनी सवय. कुणाला काय कळतंय, हा त्यामागचा भरवसा.

"अहो, हा वर्गातला सगळ्यात ढ," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "ह्याला साधे पाढे येत नव्हते, आणि मला वेग शिकवतोय. तुम्ही जरा इथंच बसा. शोकेसपाशी एकटा सोडू नका त्याला, हात चलाख दिसतोय."

जनार्दनराव चहाचा कप घेऊन शोकेससमोर जाऊन बसले. जयसिंग मान खाली घालून तार गुंडाळत होता. त्याच्यासाठी ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला नाही. "फिर कभी, मैडम," म्हणाला आणि गेला.

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून वही सुरू केली. तीच फाइल, तोच संगणक, सकाळ, दुपार, संध्याकाळ, पंधरा दिवस. वही मराठीत, कारण स्वतःसाठी लिहायचं ते त्या मराठीतच लिहीत. सकाळी आठ, ११.२ एमबी. दुपारी दोन, ११.४ एमबी. संध्याकाळी सात, १०.७ एमबी. एकक एकाही ओळीत चुकलं नाही. पाटीवर एमबी, वहीत एमबी. सरासरी काढली, अकरा आली. शिवाय आलेख काढला, निळ्या शाईनं, आणि त्याच्या वर शंभरावर एक लाल रेघ मारली. निळी रेघ तळाशी आणि लाल रेघ आभाळात, असं ते चित्र बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं.

रविवारच्या बैठकीत बाईंनी तो आलेख भिंतीला चिकटवला. कॉलनीचे सेक्रेटरी कौशिकजी, बावीस-तेवीस पुरुष, मागं बायका. "सौ में से नवासी कहाँ गए?" बाईंनी विचारलं, आणि वर्गात थांबायच्या तशा थांबल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "उसके साले की कंप्यूटर की दुकान है ना. वहीं जाते होंगे." लोक हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी त्या माणसाला थांबवलंही नाही.

कंपनीला द्यायचा अर्ज त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिला गेला. पाच मुद्दे. चौथा मुद्दा असा: 'आशंका है कि उक्त कर्मचारी हमारी स्पीड अन्यत्र दे रहा है.' तो लिहिताना बाईंचा हात थबकला होता, हे त्यांना पुढं फार दिवस आठवत राहिलं. जयसिंगच्या मेहुण्याचं दुकान त्यांनी पाहिलं नव्हतं. मेहुणा आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. पण एकोणनव्वद कुठंतरी जायलाच हवे होते. ऊर्जा नाहीशी होत नाही हे त्यांनीच चौतीस वर्षं शिकवलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणतात, बाईंनी लेखणी उचलली आणि एका माणसाच्या पोटावर लावली. एकतीस घरांनी सह्या केल्या. त्यातली एक सही जयसिंगच्या घरमालकाची होती.

आठवड्याच्या आत जयसिंग दिसेनासा झाला. नवा माणूस आला. कंपनीनं कॉलनीला एक महिना फुकट दिला, आणि कौशिकजींनी बाईंना शाल, नारळ देऊन सत्कार केला. "मैडम जी ने चोर पकड़ा," असं ते माइकवर म्हणाले. बाईंनी हात जोडले. जयसिंगला घरमालकानं खोली खाली करायला लावली, ही बातमीही त्याच सत्काराच्या समोशांबरोबर आली. बाईंच्या घशात घास किंचित अडकला, पण पाण्याबरोबर उतरला.

आकडा मात्र अकराच राहिला.

आता बाई चवताळल्या. चोर गेला, तर चोरी का थांबत नाही? प्रकरण वर न्यायचं त्यांनी ठरवलं. ग्राहकांच्या तक्रारीचा फॉर्म काढला, आणि फॉर्ममध्ये तांत्रिक माहिती इंग्रजीत भरायची होती. मग एका सकाळी, देवपूजा आटोपून, बाई जेवणाच्या टेबलावर बसल्या. एका बाजूला कंपनीचं इंग्रजी पत्रक, दुसऱ्या बाजूला संगणक, पुढं फॉर्म. पत्रकावरून 'शंभर' लिहून त्यापुढचं एकक उतरवलं. मग पडद्यावरून 'अकरा' लिहून त्यापुढचं एकक उतरवलं. पेन टेकवला आणि वाचून पाहिलं.

वरच्या ओळीत बी छोटा होता. खालच्या ओळीत बी बडा.

बाईंनी चष्मा पुसला. पत्रक पुन्हा पाहिलं, पडदा पुन्हा पाहिला. हाताची चूक नव्हती. चौतीस वर्षं एककं उतरवलेला हात तो, त्यानं जे होतं तेच लिहिलं होतं. वहीत मात्र पंधरा दिवस दोन्हीकडं एमबीच होतं, कारण देवनागरीत अक्षर छोटं नसतं आणि बडंही नसतं. एमबी म्हणजे एमबी. छोटा बी म्हणजे बिट. बडा बी म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, हे तर आता सातवीतल्या पोरांच्या पुस्तकातही आहे.

अकरा आठे अठ्ठ्याऐंशी.

बाईंना स्वतःच्या तोंडून पाढा ऐकू आला. शंभरातले अठ्ठ्याऐंशी येत होते. उरलेले बारा हवेत, भिंतीत आणि त्या लोखंडी शोकेसमध्ये जिरत होते, जसं तो म्हणाला होता तसंच. एकोणनव्वद कुठंच गेले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात. इथं तर सोडायलाही चोर नव्हता, नुसताच संन्यासी होता, आणि फाशीचा कागद बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

त्यांनी फॉर्म फाडला. तुकडे आणखी फाडले. मग उठून शोकेसचं काचेचं दार उघडलं, डबा बाहेर काढला आणि दोन खोल्यांमधल्या बोळातल्या उंच स्टुलावर नेऊन ठेवला. शनिवारी शिकवणी झाली. पाऊण तासात चित्र एकदाही गोठलं नाही. पोरं लक्ष देऊन ऐकत होती आणि बाईंना धडा संपेस्तोवर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नऊ दिवस त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. ते नऊ दिवस वाईट गेले. दूध आणायला गेलं की कुणीतरी हात जोडी, "मैडम जी, आपने तो कमाल कर दिया." बाई मान हलवत. मान हलवणं हेही खोटंच असतं, हे त्यांना त्या नऊ दिवसांत कळलं. नातलगांकडं हळदीकुंकवाला गेल्या तिथंही हीच कहाणी त्यांच्या आधी पोचलेली. "दुर्गावहिनींनी एकटीनं कंपनीला वाकवलं," असं कुणी म्हणालं आणि बाई तिळगूळ हातात तसाच धरून घरी आल्या. मनात एकच गणित चाललं होतं. सांगितलं तर अख्ख्या गावात आपलं हसं. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही, कारण बी छोटा की बडा हे बघायला ह्या कॉलनीत कोण बसलंय? हे दुसरं उत्तर त्यांना पुन्हा पुन्हा सुचत होतं, आणि ते सुचतंय याचीच जास्त लाज वाटत होती.

दहाव्या दिवशी त्यांनी जनार्दनरावांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मग सांगून टाक," ते म्हणाले.

"कुणाला?"

"ज्याचं आहे त्याला." आणि पेपर उचलला. ह्या खेपेला नको ते बोलले नव्हते, म्हणून बाईंना जास्तच राग आला.

बाई ऑटो करून सदर बाजारात कंपनीच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजर तरुण होता, अदबीनं उठून उभा राहिला. "मैडम, और कोई शिकायत?" बाईंनी घसा खाकरून विचारलं, तो जयसिंग कुठं आहे.

"निकाला नहीं उसको. मोठ क़स्बे में भेज दिया है, वहाँ नई लाइन पड़ रही है. खंभे का काम है." मॅनेजर खुर्चीत बसला. "हम तो जाँच कराने वाले थे मैडम. मीटर में तो सब ठीक आ रहा था. लेकिन उसने ख़ुद ही लिख के दे दिया."

"क्या लिख के दिया?"

त्यानं फाइल काढून समोर ठेवली. वहीच्या पानावर, मोठ्या वळणाच्या अक्षरात माफीनामा होता. 'मेरे मीटर में चौरानवे आता है पर लघाटे मैडम ने पंद्रह दिन नापकर हिसाब लगाया है. मैं उनका विद्यार्थी रहा हूँ. मैडम का हिसाब ग़लत नहीं हो सकता. मुझसे ही कहीं जोड़ने में ग़लती हुई होगी जो मेरी समझ में नहीं आ रही. चोरी मैंने नहीं की है. ग़लती के लिए क्षमा चाहता हूँ.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना वाटलं होतं जयसिंग चिडला असेल, शिव्या देत गेला असेल. चिडलेल्या माणसाची क्षमा मागणं सोपं होतं. पण ह्यानं तर हातातल्या मीटरपेक्षा बाईंवर जास्त विश्वास ठेवला होता.

मॅनेजरला त्यांनी तिथंच सगळं सांगितलं, छोटा बी, बडा बी, अकरा आठे. तो कसनुसा हसला. "मैडम, ये तो हमको भी देखना चाहिए था," म्हणाला, आणि जयसिंगला परत आणायचं तर तुमच्या कॉलनीनं लिहून द्यावं लागेल, असंही म्हणाला. एकतीस सह्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं बाई मोठला गेल्या. जानेवारी होता, कानपूर रस्त्यावर मटारच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर मंडीकडं रांगेत चालले होते. बसमध्ये बसून त्यांनी मनात वाक्यं तयार केली. हिंदीत, व्यवस्थित, पाच-सहा वाक्यं. तिथं बोलायची, क्षमा मागायची, दुपारच्या बसनं परतायचं. ह्या वाक्यांत कॉलनीच्या बैठकीचा उल्लेख कुठं नव्हता.

मॅनेजरनं दिलेल्या पत्त्यावर, मंडीच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. दारात एक म्हातारी मटार सोलत बसली होती. बाईंना बघून तिनं पदर सावरला आणि आत हाक मारली.

"जयसिंगा, अरे कोण आलंय बघ. बाईमाणूस आहे, पाट दे बसायला."

बाई उंबऱ्यातच थांबल्या. मराठी. जुन्या वळणाची, बाईंच्या सासूबाई बोलायच्या तशी.

"या, आत या," म्हातारी म्हणाली. "मी चंपाबाई, जयसिंगाची आई. आम्ही पवार. आमचे आजे-पणजे फौजेबरोबर इकडं आले, ते राहिले इथंच. तुम्ही लघाटे बाई ना? पोरगा सांगायचा तुमचं, आमच्यातल्याच एक बाई शिकवतात म्हणून."

जयसिंग बाहेर आला. हाताला डांबर लागलं होतं. बाईंना बघताच त्यानं हात पाठीमागं बांधले.

"तुला मराठी येते?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"समझ लेता हूँ मैडम, सब. बोलने में जीभ अटकती है."

सब. बाईंना त्यांचा दिवाणखाना डोळ्यांपुढं दिसला. वर्गातला सगळ्यात ढ. एकटा सोडू नका. हात चलाख दिसतोय. शोकेससमोर चहाचा कप घेऊन बसलेले जनार्दनराव, आणि खाली मान घालून तार गुंडाळणारा हा. त्यानं शब्द न् शब्द ऐकला होता, आणि त्यानंतर महिन्याभरातच 'मैडम का हिसाब ग़लत नहीं हो सकता' असं लिहून दिलं होतं. बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. बसमध्ये तयार केलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. जयसिंगनं नजर वर केली नाही. त्या दिवसाबद्दल तो काही बोलणार नव्हता, हेही त्यांना स्पष्ट दिसलं.

त्या पाटावर बसल्या. जयसिंग उभाच होता. मग त्यानंच विचारलं, अगदी हळू.

"मैडम, एक बात पूछूँ? वो जो ग्यारह आता था. मैंने बहुत सोचा. सारे जोड़ दोबारा खोल के देखे थे उस दिन. मेरी ग़लती कहाँ थी, आज तक समझ में नहीं आया."

"तुझी चूक नव्हती," बाई म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या. "चूक माझी होती. ते अकरा वेगळ्या मापातले होते आणि शंभर वेगळ्या मापातले. अकराला आठानं गुणायचं होतं. मी गुणलं नाही. तुझे जोड सगळे बरोबर होते. तू जे जे म्हणालास ते सगळं बरोबर होतं, डब्याचं, भिंतीचं, सगळं."

जयसिंगचे ओठ हलले. "ग्यारह अट्ठे..." तो थांबला, बोटं मोजली, "अट्ठासी." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघणं बाईंना जड गेलं. राग आला असता तर बरं झालं असतं. तो खूश झाला होता. "तो मैं सही था?"

"हो. तू बरोबर होतास." हे वाक्य ह्या मुलाला आपण आयुष्यात पहिल्यांदा म्हणतोय, हे म्हणताना बाईंच्या लक्षात आलं.

चंपाबाईंनी मटारची परात बाजूला सारली. त्यांना आकड्यांतलं काही कळलं नव्हतं, कळायचं ते कळलं होतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही तिथं सांगाल का? इथं आम्हांला कुणी चोर म्हणत नाही. तिथं म्हणतात. सुनेनं मुलीला घेऊन माहेर गाठलंय, पोरीला शाळेत चिडवत होती पोरं."

बाईंनी पर्समधून फोन काढला. कौशिकजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. मग त्यांनी सांगितलं, हिंदीत, सरळ. हिशेब माझा चुकला. जयसिंगनं काही केलेलं नाही.

पलीकडं कौशिकजी हसले. "अरे मैडम जी, आप भी ना. इतनी बड़ी टीचर हैं, आपका हिसाब कैसे ग़लत होगा? छोड़िए. और मान लो उन्नीस-बीस हो भी गया हो, तो वो आदमी कोई दूध का धुला थोड़े ही है. साले की दुकान पे..."

"साले की दुकान मैंने नहीं देखी," बाई म्हणाल्या. "आपने भी नहीं देखी. फिर भी मैंने लिखा. चौथा नंबर मैंने अपने हाथ से लिखा था, कौशिकजी. वो झूठ था."

"ठीक है," कौशिकजी म्हणाले, आवाजातला गोडवा गेला होता. "इतवार को बैठक है. वहीं बोल दीजिएगा सबके सामने. लेकिन सोच लीजिए मैडम, आपकी ही बदनामी है."

"बोलूँगी."

फोन ठेवला. बाईंनी जयसिंगकडं पाहिलं. "रविवारी माझ्याबरोबर चल. तुझ्यासमोर सांगते सगळ्यांना. शाल परत करते, सह्या मीच फिरून घेते नव्यानं."

जयसिंगनं मान हलवली. नकारार्थी.

"का रे? तुझं नाव साफ व्हायला पाहिजे."

तो काही वेळ हातावरचं डांबर नखानं खरवडत राहिला. मग शब्द शोधत, एकेक जुळवत, बाईंच्या देखत पहिल्यांदाच मराठीत बोलला.

"तुम्ही सांगा. मी नाही येणार. मला... मला लाज वाटते तिथं."

चंपाबाईंनी तोंड फिरवलं. दुर्गाबाईंना ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, ती लाज तुझी नाही, माझी आहे, मी तुझ्या घरात आणून टाकली. पण तो काही हिशेब नव्हता की चूक दाखवली आणि खोडली. त्या पाटावर बसून राहिल्या. दुपारची बस गेली तरी उठल्या नाहीत, आणि रविवारी बैठकीत त्या एकट्याच उभ्या राहिल्या.